नवव्या प्रकरणातली बुढी

कोसमबोडीच्या विहारात पुस्तक वाचण्याचा एक कायदा होता आणि तो सरकारच्या कायद्यापेक्षा कडक होता. पान गाळायचं नाही. वर्षावासाचे तीन महिने दिवस कलता कलता तिथे ग्रंथ वाचला जायचा. दिवसभर चिखलात वाकून धान रोवलेली माणसं हातपाय धुऊन, पांढरं नेसून येऊन बसायची. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पूर्वी वाचायचं काम श्रावणकडे होतं. त्याचा गळा चांगला, पण घरी म्हैस धारेला खोळंबलेली असायची, म्हणून एका दिवशी त्याने दोन पानं एकदम उलटली. बायनाबाईने तिथल्या तिथे त्याचा हात धरला. बायनाबाईला अक्षरओळख नाही. पण ती वाचणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि नजर पानावरून काढायची नाही.

"दोन पानं संगं पलटली का आवाज जाडा येते," ती भर विहारात म्हणाली. "काऊन गा, आमच्या तोंडचं काऊन गिळतं? आमचं पान आमाले दे."

श्रावणचं वाचन त्या दिवशी बंद झालं ते कायमचं, आणि काम आलं चंदाकडे. चंदा म्हणजे सोमाजी पंचांची मुलगी, एकोणीस वर्षांची, बारावी पास होऊन घरी बसलेली. 'घरी बसलेली' हा शब्द तिच्यासमोर कुणी उच्चारत नसे, कारण रोवणीपासून चुरण्या-मळण्यापर्यंत सगळी कामं करणारी पोरगी बसते कधी, असं ती विचारणाऱ्याच्या अंगावर जाऊन विचारायची. तिचा राग गावाला ठाऊक होता. मलाही तो राग पसंत आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याला गरीब गाय मुलींच्या गोष्टी हव्यात त्याने दुसरीकडे बघावं.

त्या वर्षी ग्रंथ संपला, खीर झाली, मग धान कापलं, चुरलं. ते शेवटचं पीक होतं. गावाखालच्या नाल्यावर धरणाच्या प्रकल्पाची पाळ चढत आली होती. येत्या पावसात पाणी अडणार आणि कोसमबोडीच्या डोक्यावर उभं राहणार. प्रकल्पाच्या साहेबाने सांगून ठेवलं होतं, एवढं पीक घ्या आणि उठा. नागभीडच्या रस्त्याला मुरमाड माळावर चुन्याच्या रेघा मारून नवी आबादी आखली होती, आणि जुन्या गावात प्रत्येक घराच्या भिंतीवर चुन्याचाच नंबर मारला होता. ट्रक माघात यायचे होते. तोवर धान पोत्यातच ठेवायचं, भिंत सारवायची नाही, कूड बांधायचा नाही. सारवायला भिंत नसली की बाईने दुपारी करायचं काय? हाताला काम नाही आणि डोक्याला मात्र नको इतकं, अशा त्या दुपारी होत्या.

"चंदे, काही तरी वाच ना वो," बायका म्हणाल्या.

गावातले गुणवंतराव गुरुजी नागभीडच्या वाचनालयाचे सभासद. त्यांनी चंदाला एक नवी कादंबरी आणून दिली होती. नाव 'आठवी वसाहत'. मागच्या बाजूला छापलं होतं, किशोर वाचकांसाठी भविष्यातली थरारक कहाणी. त्या किशोर वाचकांत सगळ्यात लहान होती चंदा आणि सगळ्यात मोठ्या बायनाबाईला आपलं वय माहीत नव्हतं.

कादंबरीतलं साल होतं दोन हजार नव्वद, म्हणजे तेव्हापासून बरोबर शंभर वर्षं पुढचं. नद्या आटल्या आहेत. माणसं वसाहतींमध्ये राहतात, मनगटावर तांब्याची पट्टी, पट्टीवर क्रमांक. पाणी मापून मिळतं. दर दहा वर्षांनी नियामक नावाचे लोक येतात आणि अख्खी वसाहत गाड्यांत घालून दुसरीकडे नेतात, कशासाठी, तर कुणाचा कशात जीव अडकू नये. नायिका ईरा, सोळा वर्षांची, मोठी बंडखोर.

"हे कोन्या तालुक्यातलं होय?" बायनाबाईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"हे झालं नाई अजून, काकू. शंभर वर्षानं होनार हाय."

"मंग लिवणाऱ्याले कोनं सांगतलं?"

"त्यानं मनानं लिवलं."

"मनानं?" बायनाबाईचा विश्वास बसेना. "मनानं लिवलं अन् गाडीचा रंग बी बरोबर लिवला?"

पुस्तकातल्या गाड्या खाकी होत्या, प्रकल्पाच्या जीपसारख्या. चंदाने पुढे वाचलं. वाचताना तिच्या अंगावर काटा यायचा, खोटं कशाला बोला. ईरा रात्री पट्टी घासून घासून क्रमांक पुसायला बघते, ते प्रकरण तिने दोनदा वाचलं, एकदा घरी आणि एकदा विहारात, आणि दोन्ही वेळा तिचा आवाज चढला. असं लिहिणारा माणूस आपल्या बाजूचा असणार, असं तिला वाटलं होतं.

ऐकायला रुखमाही यायची. ती मागे, दाराजवळ, चपला सोडतात तिथे बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. रुखमा म्हणजे सोमाजीची थोरली बहीण, चंदाची आत्या. लग्न होऊन गोंडपिपरीकडे गेली, नवऱ्याने टाकलं, परत आली. पण भावाच्या घरात शिरली नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडला, रोजगार हमीवर माती वाहिली आणि वस्तीच्या, टोल्याच्या टोकाला स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर कवेलूंचं कौलारू छप्पर. कवेलू तिने डोक्यावर आणलेले. गावात बाईच्या नावाने ओळखलं जाणारं ते एकच घर.

मोजणीवाला आला तेव्हा पंच म्हणून सोमाजी त्याच्याबरोबर फिरत होता. रुखमाच्या दारात मोजणीवाल्याने विचारलं, "ही कोण?" सोमाजी म्हणाला, "बहीण." मोजणीवाल्याने सोमाजीच्या कुटुंबात एक माणूस वाढवलं आणि पुढच्या घराला नंबर मारायला गेला. रुखमाच्या भिंतीवर नंबर पडलाच नाही. घराला नंबर नाही म्हणजे नव्या आबादीत प्लॉट नाही. सोमाजीच्या हे ध्यानात आलं नाही असं नाही. पण एक खोट काढली तर सगळ्या मोजणीला फाटे फुटतील आणि रस्त्यालगतचा प्लॉट हातचा जाईल, ही त्याला धास्ती. बुडणाऱ्या गावांपैकी जे आधी हलेल त्याला रस्त्यालगतचे प्लॉट, असं साहेबाने सांगितलं होतं. म्हणून तो गप्प बसला, आणि पंच गप्प बसला म्हणून गावही गप्प बसलं. सगळ्यांना रस्ताच पाहिजे होता.

रुखमा मात्र एवढंच म्हणायची, "मी येत नाई." प्रकल्पाची जीप दिसली की ती आपल्या उंबरठ्यावर जाऊन बसायची आणि जीप जाईपर्यंत हलायची नाही.

आणि मग नववं प्रकरण आलं. सातव्या वसाहतीत गाड्या येतात. सगळे चढतात. एका दारात एक म्हातारी बसून आहे. चंदाने वाचलं, "'मी येत नाही,' म्हातारी म्हणाली. गाड्या सुटल्या. ईराने मागे वळून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. धुळीत काही दिसेनासं झालं."

रुखमाकडे कुणीही बघितलं नाही, न बघण्याने सगळ्यांच्या माना ताठ झाल्या. चंदाचंही पुढे वाचायचं धाडस होईना.

"पुढं वाच," दाराजवळून रुखमा म्हणाली.

पुढे ईरा नव्या वसाहतीत पोचली होती. दुसऱ्या दिवशी बायका येऊन बसताच पहिला प्रश्न, "आज येते का बुढी?" आली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. ईराने साथीदार जमवले, बोगद्यातून गेली, नियामकांचा मनोरा जिंकला, पाण्याची तोटी फोडली. बायकांचं लक्ष त्या तोटीत नव्हतं. इतका मोठा पराक्रम चाललाय आणि ऐकणाऱ्या सगळ्या एका उंबरठ्याकडे डोळे लावून बसल्या आहेत, हे लेखकाला कळलं असतं तर बिचारा हिरमुसला असता. शेवटच्या पानावर मुलं पाण्यात नाचली आणि खाली छापलं होतं, समाप्त.

"अन् बुढी?" बायनाबाई म्हणाली.

"संपलं, काकू."

"बुढीचं काय झालं?"

"ते नाई लिवलं."

"नाई लिवलं?" बायनाबाईचा आवाज चढला. "पान गाळलं तुनं."

चंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग एकेक करून सगळ्या बोलायला लागल्या. बुढीचं वाईट झालं असणार आणि पोरीने आत्याच्या देखत वाचायचं टाळलं असणार. नाहीतर बापाने सांगितलं असणार, ते पान वाचू नको म्हणून. बायनाबाईने पुस्तक हिसकून घेतलं, शिवण उलगडून बघितली, पानं चिकटली आहेत का म्हणून थुंकी लावून एकेक सुटं केलं. अक्षर न येणारी बाई पुस्तकाची झडती घेत होती आणि सगळं विहार बघत होतं.

चंदाचं टाळकं सणकलं. "मी गाळत नाई!" ती ओरडली. "तुमच्यासमोर सारी पानं पलटली. लिवणाऱ्यानंच नाई लिवलं तर मी कुठून आनू?"

"लिवणारा असा कसा सोडन? येवढी बसवली बुढी उंबरठ्यावर, अन् सोडून देईन?"

"पोरगी खोटं नाई बोलत," दाराजवळून रुखमा म्हणाली. ती उठली होती, चपला घालत होती. "नसनच लिवलं. कोन लिवते?"

ती गेली, आणि त्या शेवटच्या दोन शब्दांनी चंदाच्या डोक्यात जी राख पडली ती पुढचे कित्येक दिवस गेली नाही. नवव्या प्रकरणापुढे ती स्वतः वाचत गेली होती. ईरा तोटी फोडते तेव्हा तिला आनंद झाला होता. बुढीची आठवण करून दिली ती निरक्षर बायकांनी.

घरी बाप जेवत होता. तिने विचारलं, "आत्याचं काय, बाबा?"

"येईन ते. पानी चढलं का येईन आपोआप."

"कुठी येईन?"

"आपल्या घरी. परकी हाय का ते?"

"तिले तिचं घर हाय."

"सरकारच्या कागदात नाई ना ते!" सोमाजीने ताट सरकवलं. "तुले काय समजते? आता तोंड उघडलं तर साऱ्या गावाचं अडन. एका बाईसाठी गाव अडवू?"

चंदाची आई गिरजाबाई चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. ती या घरात कधी काही बोललेली चंदाला आठवत नव्हतं, आणि त्या रात्री तिला आईचाही राग आला.

येत्या रविवारी नागभीडच्या वाचनालयाचा वर्धापनदिन होता. पाहुणे म्हणून 'आठवी वसाहत'चेच लेखक पुण्याहून येणार होते. कार्यक्रमपत्रिकेत 'वाचकाचे मनोगत' असं एक कलम होतं, आणि गुरुजींनी तिथे चंदाचं नाव घातलं होतं. "पाच मिनिटं बोल," ते म्हणाले, "भाषा चांगली ठेव. कादंबरी कशी आवडली ते सांग. मोठा माणूस आहे, आपल्या गावाचं नाव होईल." गावच राहणार नाही, त्याचं नाव कुठे ठेवणार, हे चंदाच्या ओठावर आलं होतं. पण गुरुजी भले होते, म्हणून तिने गिळलं.

कार्यक्रम म्हणजे कार्यक्रमासारखाच. शाल, नारळ, झेंडूचे हार, आणि अध्यक्षांचं कादंबरी न वाचता केलेलं कादंबरीवरचं भाषण. लेखक किरकोळ अंगाचे, चष्मेवाले, जरा दमलेले दिसत होते. माणूस वाईट दिसत नव्हता, त्याने चंदाला आणखी चीड आली. राक्षसासारखा असता तर सोपं झालं असतं.

तिचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, पुस्तक छातीशी धरून.

"ही कादंबरी मला आवडली," तिने पाठ केल्याप्रमाणे सुरुवात केली, आणि तिथेच ती पाठ केलेली भाषा संपली. "चांगली हाय म्हणूनच मले राग आला. खराब असती तर चुलीत घातली असती."

लोक हसले.

"हासू नका," चंदा म्हणाली. हसणं थांबलं. "तुमी लिवलं, साहेब, का शंभर वर्षानं मानसाले नंबर देतीन, गावं उठवतीन. आमी भेलो. आमच्या भिंतीवर आताच नंबर मारला हाय, अन् ज्याच्यावर नाई मारला त्याची गत नंबरवाल्याहून खराब हाय. पन त्याचं बी मी काही म्हनत नाई. तुमाले इथलं कसं माहीत असन? मले एकच पुसायचं हाय. आमच्या गावात तुमचं पुस्तक भर विहारात वाचलं. जसा ग्रंथ वाचतो तसं वाचलं, एक पान गाळलं नाई. नवव्या प्रकरणात एक बुढी उंबरठ्यावर बसली अन् म्हनाली, मी येत नाई. त्या बुढीचं काय झालं?"

लेखकांनी मान वर केली. ते गोड हसले आणि माइककडे झुकून म्हणाले, "कोणती म्हातारी?"

चंदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. विहारातल्या शिव्या तिने या माणसापायी खाल्ल्या होत्या. अख्ख्या गावाच्या बायका रोज दुपारी ज्या बुढीची वाट बघत बसल्या, ती याला ठाऊकच नव्हती. तिने पुस्तक उघडलं आणि त्याचीच वाक्यं त्याला मोठ्याने वाचून दाखवली, उंबरठा, गाड्या, धूळ, सगळं.

लेखकांनी चष्मा काढला. त्यांचं हसू गेलं होतं.

"विसरलो," ते म्हणाले. "खरं सांगतो. ईराला रडू यावं म्हणून ती म्हातारी लिहिली होती. रडून झालं, आणि पुढे ती माझ्या लक्षातच राहिली नाही."

"आमच्या लक्षात राह्यली ना!" चंदा म्हणाली. "आमी बसलो ना वाट पाहात! तुमची ईरा पाण्यात नाचते, अन् जिच्यासाठी रडली तिले एकदा वापस जाऊन पाहात बी नाई. कायची बंडखोर ते? नियामकानं सोडली अन् तिनं बी सोडली. मंग दोघांत फरक काय राह्यला?"

लेखकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. दुसऱ्या आवृत्तीत मी ते लिहीन. तूच सांग, काय लिहू? काय झालं तिचं?"

आता खरं म्हणजे हवं ते मिळालं होतं. मोठा माणूस चूक कबूल करून विचारत होता. पण चंदाने तोंड उघडलं आणि तिला काही सांगता येईना. काय सांगायचं? बुढी बुडाली? भावाच्या घरी भांडी घासायला गेली?

"ते अजून ठरलं नाई," ती म्हणाली. "गुरवारी ट्रक येनार हायेत."

लेखकांना ते कळलं नाही. गुणवंतराव गुरुजींना कळलं, ते खाली बघायला लागले. अध्यक्षांनी वेळेअभावी मनोगताचं कलम आटोपतं घेतलं.

मंगळवारी दुपारी विहार भरलं. बायका होत्याच, पण लेखक काय म्हणाला ते ऐकायला पुरुषही आले होते, सोमाजीसुद्धा. रुखमा आपल्या जागी, चपलांपाशी. चंदाने घडलं ते घडलं तसं सांगितलं.

"विसरला?" बायनाबाई म्हणाली. "आपल्या हातानं बसवली अन् विसरला?" मग तिने चंदाकडे बघितलं आणि नजर वळवली. पानाबद्दल ती काही बोलली नाही. माफी मागायची तिला सवय नव्हती.

"आता तो मले पुसते, काय लिवू," चंदा म्हणाली. "मी काय सांगू? बाबा, तुमी सांगा. पंच ना तुमी. काय लिवाले सांगू?"

"घरची गोष्ट विहारात आनू नको," सोमाजी म्हणाला.

"मंग कुठी आनू? घरी तुमी आयकत नाई. मोजणीवाल्यासमोर तुमी बोलले नाई. तो लेखक बरा, त्याले बुढी माहीतच नवती. तुमाले तर माहीत हाय!"

सोमाजी उठला. त्याचा हात वर गेला होता. सगळ्यांसमोर तो हात तसाच राहिला, मग खाली आला, आणि तो बाहेर पडला. त्याच्यामागे पुरुष गेले. बायकाही उठल्या. कुणी म्हटलं नाही की पोरगी खरं बोलते, कुणी म्हटलं नाही की खोटं बोलते. ज्या बायका छापील बुढीसाठी पुस्तक फाडायला निघाल्या होत्या, त्या खऱ्या बुढीच्या अंगावरून चपला घालून निघून गेल्या. चंदाला त्या सगळ्यांना ओरबाडावंसं वाटलं.

गुरुवारी ट्रक आले. खाकी होते.

सकाळपासून गाव भरत होतं. धानाची पोती, खाटा, जातं, कोंबड्या टोपल्याखाली झाकलेल्या. श्रावणची म्हैस चढायला तयार होईना. सगळ्यात पुढचा ट्रक सोमाजीचा, कारण पंच आधी. चंदा आत्याच्या दारात गेली होती. रुखमा उंबरठ्यावर बसली होती, पदर डोक्यावर घेऊन.

"मी बी नाई जात," चंदा म्हणाली.

"जाय," रुखमा म्हणाली. "तू बसून काय होते? तुया बापाच्या मोजणीत तू पुरी हायेस."

बाप आला, दंडाला धरून घेऊन गेला आणि पोत्यांवर बसवलं. चंदाने हात सोडवून घेतला नाही. बापाचा, लेखकाचा, साहेबाचा, सगळ्या गावाचा राग करून झाला होता, आणि आता पोत्यावर बसून ती स्वतःच्या पायांचा राग करत होती, जे ट्रकवर चढले होते.

साहेब हातात कागद घेऊन उभा होता. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. साहेबाने विचारलं, "झाले का सगळे?"

सोमाजीने मागच्या ट्रकांकडे बघितलं. टोल्याच्या टोकाकडे बघितलं नाही.

"झाले, साहेब," तो म्हणाला. "सारे झाले."

"पान गाळू नको, सोमाजी."

आवाज दुसऱ्या ट्रकवरून आला होता. मोठा नव्हता. विहारात श्रावणचा हात धरताना जसा होता, तसाच. सोमाजी वळला. बायनाबाई पोत्यांवरून उठली होती. तोंड ट्रकाकडे, पाठ लोकांकडे करून ती म्हातारी पायाने जमीन चाचपडत खाली उतरली. उतरून तिने आपलं गाडगं मागून घेतलं आणि रुखमाच्या घराकडे चालायला लागली. मागे वळून बघितलंही नाही. तिच्यामागे एक उतरली. मग तिसऱ्या ट्रकवरून दोघी. नवरे वरून हाका मारत होते, बसा वो, प्लॉट जाईन, आणि बायका उतरत होत्या.

मग चंदाच्या शेजारचं पोतं हललं. तिची आई उभी राहिली होती. गिरजाबाईने लुगड्याचा काष्टा सारखा केला, सोमाजीच्या डोळ्यांदेखत पंचाच्या ट्रकवरून खाली उडी टाकली आणि एक शब्द न बोलता बायनाबाईच्या मागून गेली. चंदाने उडी मारली ती तिच्यानंतर.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब ओरडला. "पंच, हे काय?"

पंचाची बायको, पंचाची पोरगी, अर्धं गाव त्या एका घराकडे चाललं होतं आणि सोमाजी साहेबाजवळ एकटा उभा होता.

"साहेब," तो म्हणाला, "एक घर राह्यलं."

"कुठलं घर? माझ्या यादीत नाही."

"यादीत नाई. तुमच्या मानसानं पुसलं तवा मी बोललो नाई. ते माह्या घरातलं मानूस नाई, ते येगळं घर होय. आता लिवा."

"आता कसं लिहिणार? वर विचारावं लागेल. महिना जाईल. तोवर रस्त्याचे प्लॉट दुसऱ्या गावाला जातील, सांगून ठेवतो."

सोमाजीने टोल्याच्या टोकाकडे बघितलं. "जाऊ द्या," तो म्हणाला. ते म्हणताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण म्हणाला.

दुपारपर्यंत ट्रक उभे राहिले, मग सामान उतरवून रिकामे गेले. पुरुष पोत्यांपाशी बसून बायकांना शिव्या देत होते. बायका रुखमाच्या अंगणात बसून होत्या आणि त्यांनाही काही फार चांगलं वाटत नव्हतं. रस्ता कुणाला नको असतो?

सोमाजी अंगणात आला. बायकांनी त्याला वाट दिली. रुखमा अजून उंबरठ्यावरच होती, कवेलूच्या सावलीत. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"सरक ना वो, बाई," तो हळूच म्हणाला. "बसू दे."

रुखमाने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. ती इंचभरही सरकली नाही.

"तिथीच बस," ती म्हणाली. "उनात. मी सारी थंडी बसली इथी एकटी."

सोमाजी तिथेच, उन्हात, खाली बसला.